युद्धकैद्यांच्या छावणीतून आलेला जय हिंद : आबिद हसन सफरानी

रमजानचा सतरावा रोजा बद्रच्या आठवणीचा असतो. हिजरी सन २ मध्ये याच तारखेला मदिनेपासून काही मजलांवर असलेल्या बद्रच्या मैदानात लढाई झाली. त्या लढाईचा प्रसंग दरवर्षी मशिदीतल्या बयानात सांगितला जातो. लढाई संपल्यावर काय झाले, ते मात्र बरेचदा थोडक्यात आटोपते. त्या दिवशी मक्केचे सुमारे सत्तर लोक कैद झाले. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी साथीदारांना या कैद्यांशी चांगले वागण्याची ताकीद दिली. परंपरा सांगते की मदिनेच्या घरांनी कैद्यांना भाकरी दिली आणि स्वतः खजुरावर भागवले. ज्यांच्याकडे सुटकेसाठी पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना अक्षरओळख करून द्यावी आणि आपल्या घरी जावे, असे ठरले. कुरआनमध्येही गरीब आणि अनाथ यांच्या बरोबरीने कैद्याचा उल्लेख आहे. त्याला जेवू घालणे हे नेक माणसाचे लक्षण मानले आहे.

कैद्याला कसे वागवले, यावरून पकडणाऱ्याची पारख होते. आणि कैदेत माणूस शेजारच्या कैद्याशी कसा वागतो, यावरून त्याची स्वतःची पारख होते. दुसऱ्या महायुद्धात हजारो हिंदी सैनिक परदेशी छावण्यांत कैदी होते. त्यांच्यात जाऊन राहिलेल्या, त्यांच्या भांडणांतून आणि उपासमारीतून एक शब्द शोधून आणलेल्या एका माणसाची ही हकीकत आहे. तो माणूस हैदराबाद संस्थानचा होता. तेव्हा नांदेड हा त्याच संस्थानचा जिल्हा होता आणि लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले एक गाव होते. त्याने दिलेला शब्द आज प्रत्येक शाळेत, प्रत्येक परेडमध्ये उच्चारला जातो. शब्द सर्वांना माहीत आहे, माणूस फारसा कुणाला माहीत नाही.

खादीच्या घरातला मुलगा

जैनुल आबिदीन हसन यांचा जन्म १९११ साली हैदराबादेत झाला. लोक त्यांना आबिद हसन म्हणत. निजामाच्या राजधानीत अशा सुशिक्षित घरांचा कल दरबारी नोकरीकडे असे आणि ऐपत असली की मुलगा शिकायला विलायतेला पाठवला जाई. आबिद हसन यांचे घर मात्र वेगळ्या वाटेचे होते. त्यांची आई फखरुल हाजिया बेगम गांधीजींना मानणारी होती. सरोजिनी नायडूंशी तिचा स्नेह होता. परदेशी कापडाच्या होळीत या घरातले कपडेही पडले. थोरले बंधू बद्रुल हसन हेही गांधीविचाराचे आणि खादीचे पुरस्कर्ते होते.

आबिद हसन तरुणपणीच साबरमती आश्रमात जाऊन राहिले. तिथला दिवस पहाटे प्रार्थनेने सुरू होई. सूत कातणे, संडास साफ करणे, साधे जेवण ही सगळी कामे प्रत्येकाला करावी लागत. हैदराबादच्या खानदानी घरातल्या मुलाला ही शिस्त सोपी नव्हती. पुढे आयुष्यात अनेक वेळा जमिनीवर झोपण्याची आणि अर्धपोटी राहण्याची पाळी आली, तेव्हा ही सवय त्यांच्या उपयोगी पडली.

नंतर इंजिनियरिंग शिकायचे ठरले. बरोबरीची मुले इंग्लंडला जात होती. आबिद हसन जर्मनीला गेले. ते तिथे असतानाच १९३९ साली महायुद्ध पेटले. इंग्रजांचे प्रजाजन म्हणून हिंदी विद्यार्थी जर्मनीत अडकून पडले.

वाळवंटातून काटेरी तारेमागे

एप्रिल १९४१ मध्ये लिबियाच्या वाळवंटात मेचिली नावाच्या ठिकाणी जर्मन सेनापती रोमेलच्या फौजेने हिंदी मोटार ब्रिगेडला वेढले. काही सैनिक निसटले, बरेच पकडले गेले. पुढच्या वर्षी, जून १९४२ मध्ये, तोब्रुक पडले. तिथे मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटणही लढत होती. सातारा-कोल्हापूरकडच्या गावांतून भरती झालेले मराठी जवानही त्या दिवशी हात वर करून रांगेत उभे राहिले. अशा हजारो हिंदी सैनिकांची पाठवणी इटलीत आणि जर्मनीत झाली.

जर्मनीत बर्लिनच्या दक्षिणेला अॅनाबुर्ग या गावी हिंदी कैद्यांची छावणी होती. काटेरी तार, पहाऱ्याचे मनोरे, लाकडी बराकी आणि रोजची हजेरी. थंडी अशी की मराठवाड्यातल्या किंवा पंजाबातल्या माणसाने कधी सोसलेली नसेल. काळा पाव, बटाट्याचे आणि सलगमचे पातळ सूप, कॉफीच्या नावाखाली भाजलेल्या धान्याचे कडवट पाणी, हे जेवण. रेडक्रॉसची पार्सले आली की दिवस सणाचा होई. हिंदी कैद्यांसाठीच्या पार्सलांत पीठ, डाळ, तूप आणि मसाला असे. पार्सल वेळेवर आले नाही की पुन्हा सूप आणि पाव.

युद्धकैद्यांबद्दल १९२९ चा जिनिव्हा करार होता. अफसराला कामाला जुंपायचे नाही, हवालदाराकडून फक्त देखरेखीचे काम घ्यायचे आणि साध्या शिपायाला लढाईशी संबंध नसलेले काम द्यायचे, असा नियम होता. जर्मनीतल्या छावण्यांतून कैद्यांच्या तुकड्या शेतांवर, रेल्वेच्या रुळांवर, खाणींत आणि कारखान्यांत नेल्या जात. मजुरीचे पैसेही छावणीपुरते चालणाऱ्या कागदी नोटांत मिळत. गावाकडून पत्र यायला महिनोन् महिने लागत. ज्याच्या नावाचे पत्र आले, त्याच्याभोवती इतर जमत. पत्र कुणाचेही असो, ऐकायचे सगळ्यांनी.

पण जेवायला बसताना हे सगळे वेगवेगळे होत. इंग्रजांच्या हिंदी फौजेची रचनाच तशी होती. कंपन्या जातीधर्माप्रमाणे बांधलेल्या असत. शीखांची कंपनी, राजपूतांची कंपनी, पंजाबी मुसलमानांची कंपनी, मराठ्यांची कंपनी. प्रत्येकाचा लंगर वेगळा, पाण्याचे भांडे वेगळे. तार सगळ्यांच्या भोवती एकच होती, भूक एकच होती, तरी चुली वेगळ्या राहिल्या.

पुस्तके मिटली

सुभाषचंद्र बोस कोलकात्याच्या घरातून निसटून काबूलमार्गे एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोहोचले. त्यांनी तिथल्या हिंदी विद्यार्थ्यांना आणि व्यावसायिकांना गोळा केले. त्यात एन. जी. गणपुले हे मराठी गृहस्थ होते, ए. सी. एन. नंबियार होते, एन. जी. स्वामी होते. आबिद हसनही भेटले. त्यांना शिक्षण पूर्ण करून मग यायचे होते, असे सांगतात. पण एकदा सुभाषबाबूंचे बोलणे ऐकल्यावर त्यांनी पुस्तके मिटली आणि ते त्यांचे सचिव व दुभाषी झाले.

२ नोव्हेंबर १९४१ रोजी बर्लिनमध्ये आझाद हिंद केंद्राची सुरुवात झाली. सुभाषबाबूंना नेताजी म्हणायचे, रवींद्रनाथांचे जन गण मन हे राष्ट्रगीत आणि हिंदुस्तानी ही समान भाषा, हे सगळे याच काळात ठरले. युद्धकैद्यांमधून स्वातंत्र्यासाठी लढणारी एक फौज उभी करायची, हे पुढचे काम होते. त्यासाठी कैद्यांमध्ये जाऊन राहणारी माणसे हवी होती. आबिद हसन आणि स्वामी अॅनाबुर्गला गेले.

काम अवघड होते. कैद्यांनी त्यांना हार घातले नाहीत. डिसेंबर १९४१ मध्ये सुभाषबाबू स्वतः छावणीत आले, तेव्हाही जुन्या सुभेदार-हवालदारांनी त्यांना थंडच प्रतिसाद दिला. यांच्या विरोधालाही कारण होते. त्यांनी फौजेत येताना शपथ घेतली होती. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याविरुद्ध बंदूक कशी उचलायची, हा त्यांचा प्रश्न होता. गावाकडे घरी पगार पोहोचत होता. तो बंद पडला तर म्हातारे आई-बाप आणि लेकरे काय खातील, ही चिंता होती. शिवाय आज कैदेत आहे म्हणून हो म्हणायचे, ही खरी मर्जी की मजबुरी, असाही प्रश्न होता.

आबिद हसन यांनी वाद घालण्यापेक्षा त्यांच्यात बसणे पसंत केले. ते बराकींत वावरले, कैद्यांचे जेवण जेवले, गावाकडच्या गोष्टी ऐकल्या. शिपायाच्या जवळ जायचे तर त्याच्या अडचणीपासून सुरुवात करावी लागते, हे साबरमतीत शिकलेल्या माणसाला सांगावे लागले नसेल. डिसेंबरच्या अखेरीला जी पहिली तुकडी फ्रांकेनबर्गच्या शिक्षण छावणीत गेली, तीत दहा नागरिक आणि जेमतेम पाच युद्धकैदी होते. पुढे संख्या वाढत जाऊन तीन हजारांच्या आसपास गेली. तरीही बहुसंख्य कैदी तारेमागेच राहिले. त्यांनी नकार दिला आणि कैदेचे हाल सोसले. त्यांना भित्रे किंवा गद्दार म्हणणे हा अन्याय ठरेल. एकाच बराकीतल्या दोन माणसांनी आपापल्या सद्सद्विवेकाप्रमाणे दोन वाटा धरल्या, एवढेच म्हणता येते.

सलाम कोणता करायचा?

नव्या फौजेसाठी सुभाषबाबूंनी एक गोष्ट पक्की ठरवली होती. जातीधर्माच्या वेगळ्या कंपन्या ठेवायच्या नाहीत. एका तुकडीत सगळे मिसळून राहतील, एकत्र जेवतील, एकत्र कवायत करतील. कागदावर हे सोपे होते. प्रत्यक्षात सकाळी दोन शिपाई समोरासमोर आले की प्रश्न उभा राही. एक म्हणे राम राम, दुसरा म्हणे सत श्री अकाल, तिसरा म्हणे सलाम आलेकुम. प्रत्येक अभिवादनात आपुलकी होती, पण त्यातून समोरचा आपला की परका हेही लगेच कळत होते.

नांदेडच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात, जुन्या नांदेडच्या गल्लीत, मोंढ्यात एका सकाळी हे तिन्ही शब्द कानावर पडतात. इथल्या दुकानदाराला गिऱ्हाईक पाहून कोणता शब्द वापरायचा ते आपोआप कळते. छावणीत मात्र हे कळणेच नको होते. तिथे उद्या एकमेकांसाठी गोळी झेलायची होती.

सर्वांना चालेल असे एक अभिवादन शोधण्याचे काम आबिद हसन यांच्याकडे आले. हा प्रसंग वेगवेगळ्या प्रकारे सांगितला जातो. एक आठवण अशी आहे की त्यांनी प्रथम हॅलो हा शब्द सुचवला आणि सुभाषबाबूंनी तो तिथेच मोडीत काढला. मग ते छावणीत फिरत असताना दोन राजपूत शिपायांनी एकमेकांना जय रामजी की म्हटलेले त्यांच्या कानावर पडले. त्या शब्दांची लय त्यांना आवडली. रामजीच्या जागी हिंदुस्तान ठेवून पाहिले तर जय हिंदुस्तान की झाले. शिपायाच्या तोंडी ते लांब वाटले. कापत कापत दोन शब्द उरले, जय हिंद. सुभाषबाबूंनी ते तत्काळ उचलले.

या गोष्टीत एक बारीक पण मोलाची बाब आहे. आबिद हसन यांनी कुणालाही आपले अभिवादन सोडायला सांगितले नाही. राजपूत शिपायाचे राम राम, शीखाचे सत श्री अकाल आणि मुसलमानाचा सलाम आपापल्या जागी राहिले. त्यांच्या शेजारी आणखी एक शब्द आला आणि तो सगळ्यांचा झाला. शिवाय एका मुसलमान तरुणाला तो शब्द सापडला, तो राजपूत शिपायांच्या रामनामातून. त्यात त्याला परके असे काही वाटले नाही.

ज्याच्या दारात उभे होते

या कामाला एक काळी बाजूही होती. फौज उभी राहत होती ती हिटलरच्या देशात. तिच्या शपथेत सुभाषबाबूंच्या नावाबरोबर हिटलरचेही नाव होते. ज्या देशात हिंदी कैद्यांना रेडक्रॉसचे पार्सल मिळत होते, त्याच देशाने यहुदी, जिप्सी आणि राजकीय विरोधकांसाठी दुसऱ्या प्रकारच्या छावण्या उभारल्या होत्या. तिथून माणसे परत येत नव्हती. रशियन युद्धकैद्यांना तर जर्मनांनी लाखोंच्या संख्येने उपाशी मारले. गुलामीतून सुटण्यासाठी जालीमाच्या दारात उभे राहावे लागणे ही या चळवळीची शोकांतिका होती. १९४३ नंतर जर्मनीतली ती फौज हॉलंड आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर जर्मनांच्या हुकमाखाली राहिली आणि शेवटी पुन्हा कैद झाली. ज्या मातीसाठी शपथ घेतली होती, ती तिला दिसलीही नाही.

आबिद हसन तोपर्यंत दुसऱ्या वाटेने निघून गेले होते.

पाण्याखाली तीन महिने

फेब्रुवारी १९४३ मध्ये कील बंदरातून एक जर्मन पाणबुडी निघाली. तिच्यात दोन हिंदी प्रवासी होते, सुभाषबाबू आणि आबिद हसन. आपण कुठे चाललो आहोत हे आबिद हसन यांना आधी सांगितलेले नव्हते. पाणबुडीत पाय पसरायला जागा नव्हती. डिझेलचा वास कपड्यांत, पांघरुणात आणि पावातही होता. सूर्य दिसत नव्हता. अशा जागेत सुभाषबाबू रोज मजकूर सांगत आणि आबिद हसन तो लिहून घेत. एप्रिलमध्ये पाणबुडीने एक ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवले, त्या धावपळीतही लिखाण थांबले नाही, असे त्यांनी नंतर सांगितले आहे.

एप्रिलच्या अखेरीला मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात दोघांना रबरी होडीतून जपानी पाणबुडीवर नेण्यात आले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते सुमात्रापलीकडच्या सबांग बेटावर उतरले. सुमारे तीन महिन्यांच्या त्या प्रवासात सुभाषबाबूंच्या बरोबर असलेला एकमेव हिंदी माणूस म्हणजे आबिद हसन.

पूर्वेकडचे कैदी

पूर्वेला कैद्यांची संख्या फार मोठी होती. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि फॅरर पार्कच्या मैदानात सुमारे ४५ हजार हिंदी सैनिक जपान्यांच्या स्वाधीन झाले. मलायाच्या या लढाईत निजामाच्या संस्थानी फौजेची पलटणही होती. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी उतरले, तेव्हा पहिली हैदराबाद इन्फंट्री कोटा भारूच्या विमानतळावर पहाऱ्याला होती. तिचे प्रमुख कर्नल हेंड्रिक्स त्याच गोंधळात मारले गेले. हैदराबादचा शिपाई या युद्धापासून दूर नव्हता.

इथेही तोच प्रश्न उभा राहिला, आझाद हिंद फौजेत जायचे की कैदी राहायचे. ज्यांनी नकार दिला त्यांच्यातल्या हजारोंना जपान्यांनी मजुरीसाठी न्यू गिनीच्या बाजूच्या बेटांवर नेले. जहाजे हलवणे, धावपट्ट्या खणणे, जंगल तोडणे अशी कामे त्यांच्याकडून उपाशीपोटी करून घेतली. मलेरिया, बेरीबेरी आणि मारहाण यांनी त्यांतले बरेच मेले. जिनिव्हा कराराला जपानने मान्यता दिली नव्हती, हे त्यांना फार महाग पडले.

आबिद हसन आझाद हिंद फौजेत मेजर झाले. जन गण मनच्या धर्तीवर हिंदुस्तानीत जे कौमी गीत फौजेसाठी रचले गेले, त्याच्या रचनेत मुमताज हुसेन यांच्याबरोबर त्यांचाही हात होता. कॅप्टन राम सिंग यांनी त्याला संगीत दिले. १९४४ च्या इम्फाळ मोहिमेत ते आघाडीवर होते. त्या मोहिमेची माघार पावसात झाली. रस्ते वाहून गेले होते, तांदूळ संपला होता, हगवण आणि मलेरियाने माणसे वाटेत बसत आणि उठत नसत. मिसळून जेवण्याची आणि एकच शब्द बोलण्याची जी सवय छावणीत लागली होती, तिची परीक्षा या वाटेवर झाली. वेगवेगळ्या धर्मांची माणसे एकमेकांना खांद्यावर घेऊन चालली. पुढे आबिद हसन यांनी या माघारीवर द मेन फ्रॉम इम्फाळ हे छोटेसे पुस्तक लिहिले, ते या साथीदारांसाठी.

नावात आलेला रंग

सफरानी हे त्यांचे मूळ आडनाव नव्हते. फौजेत निशाणाच्या रंगावरून मतभेद झाले होते, असे सांगतात. काही हिंदूंना भगवा हवा होता, काही मुसलमानांना हिरवा. मग हिंदू साथीदारांनी आपणहून आग्रह सोडला. आबिद हसन यांच्या मनाला ते लागून राहिले. ज्यांनी आपला रंग सोडला, त्यांचा रंग त्यांनी आपल्या नावात घेतला. जाफरान म्हणजे केशर, त्यावरून सफरानी. त्या दिवसापासून ते आबिद हसन सफरानी झाले आणि शेवटपर्यंत तेच नाव लावत राहिले. आडनाव बदलले म्हणून त्यांचा धर्म बदलला नाही आणि तशी मागणीही कुणी केली नाही.

रमजान, ऑगस्ट १९४५

जपानने १५ ऑगस्ट १९४५ रोजी शरणागती जाहीर केली, तेव्हा रमजान सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. बँकॉकहून सुभाषबाबूंबरोबर सहा सहकारी निघाले : हबीबुर रहमान, एस. ए. अय्यर, देबनाथ दास, गुलजारा सिंग, प्रीतम सिंग आणि आबिद हसन. मुसलमान, हिंदू आणि शीख असे तिन्ही धर्मांचे ते लोक होते. १७ ऑगस्टला सायगावच्या विमानतळावर कळले की जपानी विमानात फक्त दोन जागा आहेत. सुभाषबाबू आणि हबीबुर रहमान बसले. बाकीचे धावपट्टीवर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तैवानमध्ये विमान कोसळले.

पाणबुडीच्या प्रवासात सावलीसारखा बरोबर असलेला माणूस या शेवटच्या प्रवासात मागे राहिला. लवकरच इंग्रजांनी त्यांना पकडले. ज्याने चार वर्षे कैद्यांमध्ये काम केले, तो आता स्वतः कैदी झाला. तिकडे दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. सारा देश त्यांच्यासाठी रस्त्यावर आला आणि जय हिंद गल्लोगल्ली पोहोचला. १९४६ मध्ये आबिद हसन सुटले.

१५ ऑगस्ट १९४७ ही तारीखही रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आली. स्वतंत्र भारताचे पहिले टपाल तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. त्यावर तिरंगा होता आणि देवनागरीत जय हिंद लिहिले होते. छावणीतल्या चिखलात जन्मलेला शब्द आता पत्रावर चिकटून घरोघरी जाऊ लागला.

कराचीहून घरी

सुटकेनंतर आबिद हसन कराचीत बंगाल लॅम्प कंपनीत नोकरीला होते. फाळणी झाली. नोकरी होती, शहर मोठे होते, तिथेच राहता आले असते. ते हैदराबादला परत आले. तो काळ मराठवाड्याच्या आठवणीत अजून ओला आहे. लातूरला वकिली करणारे कासीम रझवी तेव्हा रझाकारांचे पुढारी झाले होते. गावे जळत होती. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अॅक्शन झाली, संस्थान भारतात आले आणि त्या धामधुमीत निरपराध मुसलमानही भरडले गेले. हैदराबादचे नाव निघाले की मराठवाड्यात आजही रझवी आठवतात. त्याच संस्थानात, त्याच काळात सफरानीही होते. आठवण ठेवायची तर दोघांची ठेवायला हवी.

१९४८ मध्ये ते भारताच्या परराष्ट्र सेवेत दाखल झाले. इजिप्तपासून डेन्मार्कपर्यंत अनेक देशांत त्यांनी भारताचे प्रतिनिधी म्हणून काम केले. १९६९ मध्ये निवृत्त होऊन ते हैदराबादेत शेती करत राहिले. जय हिंदचे श्रेय मागत ते कुठे फिरले नाहीत. एप्रिल १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांची पुतणी सुरैया हसन बोस हिचे लग्न नेताजींचे पुतणे अरविंद बोस यांच्याशी झाले होते. पुढे सुरैयांनी हैदराबादेत हातमाग उभे केले. आपल्या औरंगाबादची हिमरू आणि मशरू ही मरणपंथाला लागलेली विणकामे त्यांनी गरजू बायकांना शिकवून पुन्हा जिवंत केली. मागांच्या शेजारी विणकरांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि तिला काकांचे नाव दिले, सफरानी मेमोरियल.

बद्रच्या कैद्यांनी मुलांना अक्षरे शिकवून आपली सुटका करून घेतली होती. अॅनाबुर्गच्या कैद्यांमधून निघालेल्या माणसाच्या नावानेही शेवटी मुलांची शाळाच उभी राहिली. रोजा माणसाला दुसऱ्याच्या भुकेची जाणीव देतो, असे म्हणतात. ज्या छावणीत सगळे सारखेच भुकेले होते, तिथे आबिद हसन यांनी वेगळ्या चुली पाहिल्या आणि त्या चुलींच्या मधोमध उभे राहून सर्वांना उच्चारता येईल असा एक शब्द शोधला. इफ्तारच्या वेळी नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या गल्लीत शेजारी खजुराची बशी पुढे करतो आणि राम राम, सत श्री अकाल, सलाम असे सगळे शब्द एका ओट्यावर ऐकू येतात. त्या ओट्यावर सफरानींचेही नाव निघायला हरकत नाही.